आमच्या नोंदी वाचायला माणूस द्या : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

माझ्या मुलाला हिमोफिलिया ए आहे, तीव्र स्वरूपाचा. रक्त गोठायला लागणारा आठव्या क्रमांकाचा घटक, ज्याला आम्ही घरात नुसतं फॅक्टर म्हणतो, तो त्याच्या रक्तात 1 टक्क्यापेक्षाही कमी आहे. माझ्या थोरल्या भावालाही हाच आजार. एक्स गुणसूत्रावरचा हा दोष आईकडून माझ्याकडे आला आणि माझ्याकडून मुलाकडे. मी वाहक आहे. त्यामुळे मला कळायला लागल्यापासून घरात कुणाचा ना कुणाचा सांधा सुजलेलाच पाहिला आहे.

आनुवंशिक आजाराच्या रुग्णानं आपला आजार स्वतः सांभाळायला शिकावं, त्यासाठी त्याच्या हातात मोबाइल अ‍ॅप आणि घरच्या घरी तपासणी करणारी उपकरणं द्यावीत, असं आता सगळीकडे म्हटलं जातं. मी या विचाराच्या पूर्ण बाजूनं आहे. हे पत्र लिहिते आहे ते त्यात राहून जाणाऱ्या एका गोष्टीसाठी. रुग्ण नोंद करतो. ती नोंद पलीकडे कोण वाचतं?

आधी माझ्या आईच्या वहीबद्दल सांगते.

दादा लहान होता त्याच्या थोडं आधीपर्यंत ब्लीड झाला, म्हणजे सांध्यात किंवा शरीरात आतल्या आत रक्त वाहायला लागलं, की रुग्णालय गाठण्यावाचून इलाज नव्हता. 1964 मध्ये ज्युडिथ पूल यांनी प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, थंड करून त्यातून फॅक्टर वेगळा काढण्याची सोपी रीत शोधली. पुढे 1970 च्या दशकात फॅक्टर पावडरच्या कुपीत मिळू लागला आणि घरीच इंजेक्शन देणं शक्य झालं. आई ते शिकली. प्रत्येक इंजेक्शननंतर ती वहीत तारीख लिहायची, कुठला सांधा ते लिहायची, शाळा किती दिवस बुडाली ते लिहायची आणि कुपीवरचं लेबल भिजवून, सोडवून शेजारी चिकटवायची. लेबलवर बॅच नंबर असायचा. तो कशाला हवा, हे तेव्हा आम्हा मुलांना कळत नव्हतं.

मग 1980 च्या दशकात कळलं की हजारो रक्तदात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनवलेल्या त्या कुप्यांमधून एचआयव्ही आणि काविळीचे विषाणू रुग्णांच्या शरीरात गेले आहेत. जगभर हिमोफिलियाची कितीतरी घरं त्यात उद्ध्वस्त झाली. परत मागवलेल्या बॅचची यादी आईच्या हाती आली त्या रात्री ती वही घेऊन बसली आणि बोट ठेवून एकेक नंबर जुळवत गेली. मी दारात उभी राहून बघत होते. आमचा नंबर जुळला नाही. ज्यांच्याकडे वहीच नव्हती, त्यांना त्या रात्री जुळवायलाही काही नव्हतं.

रुग्णाची स्वतःची नोंद काय करू शकते, हे मी तेव्हा पाहिलं. म्हणूनच ती वही मोबाइलमध्ये आली तेव्हा आनंद झालेल्यांपैकी मी एक होते. आणि खरोखर, वहीला जे कधीच जमलं नसतं ते मोबाइलनं करून दाखवलं.

फॅक्टर शिरेतून दिला की रक्तातलं त्याचं प्रमाण एकदम वाढतं आणि मग ओसरत जातं. ते किती वेळात निम्मं होतं, हे प्रत्येकाच्या शरीरावर असतं. कुणाचं 8 तासांत होतं, कुणाचं 15 तासांत. पूर्वी हे नेमकं काढायचं तर दोन-तीन दिवसांत पुन्हा पुन्हा रक्त घ्यावं लागे, आणि लहान मुलाच्या शिरा त्यासाठी टोचत राहणं कुणालाच नको असायचं. आता दोन-तीन नमुने पुरतात, कारण बाकीचा अंदाज इतर असंख्य रुग्णांच्या माहितीवरून गणितानं बांधता येतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं त्यासाठी चालवलेली वॅप्स-हीमो ही सेवा अनेक देशांतली उपचार केंद्रं वापरतात.

माझ्या मुलाचं उत्तर आलं 10 तास. म्हणजे सकाळी इंजेक्शननंतर 60 टक्के, 10 तासांनी 30, मग 15, मग साडेसात, असं करत 50 तासांनी 2 टक्क्यांच्याही खाली. हा उतरता आलेख त्याच्या मोबाइलवर दिसू लागला आणि घरातली भांडणंच मिटली. आधी मी म्हणायचे, आज खेळायला नको. तो विचारायचा, का? माझ्याकडे भीतीशिवाय उत्तर नसायचं. आता तोच सकाळी आलेख बघतो आणि सांगतो, "आई, आज चारवर आहे, आज पळत नाही. उद्या सकाळी घेतो आणि मग जातो." तेराव्या वर्षी तो स्वतःच्या हातानं शिरेत सुई घालायला शिकला. पण आपलं शरीर आपल्याला कळतं हा विश्वास त्याला सुईनं दिला नाही, त्या आलेखानं दिला. हे मी कधी विसरणार नाही, म्हणून अ‍ॅपच्या विरोधात माझ्याकडून एक शब्दही येणार नाही.

दुसऱ्या आनुवंशिक आजारांतही असंच आहे. फिनाइलकीटोन्युरियाच्या मुलाला प्रथिनांतलं फिनाइलअ‍ॅलानिन पचत नाही. ते रक्तात साठलं की मेंदूला इजा होते, म्हणून प्रत्येक घासाचा हिशोब आयुष्यभर ठेवावा लागतो. तो हिशोब डोक्यात ठेवण्यापेक्षा मोबाइलनं ठेवावा, हे उघड आहे. सिस्टिक फायब्रोसिसचे रुग्ण घरीच छोट्या यंत्रात फुंकर मारून फुप्फुसांची ताकद मोजतात, आणि ती घसरायला लागली की खोकला वाढायच्या आधी कळू शकतं. हेरेडिटरी अँजिओएडिमामध्ये अचानक सूज येते, घशात आली तर श्वास बंद पडू शकतो. त्या रुग्णांसाठी चार प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. गेल्या चार आठवड्यांतला त्रास त्यात नोंदवला की 16 पैकी गुण निघतात, आणि 10 च्या खाली आले तर आजार आटोक्यात नाही असं धरतात. चार प्रश्न, दोन मिनिटं.

पण गुण 10 च्या खाली आले, आणि मग?

इथून पुढे आमच्या घरात घडलेलं सांगते. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या उजव्या घोट्यात ब्लीड झाला. सांध्यात रक्त उतरायला लागलं की सूज दिसायच्या आधी आत शिरशिरतं, थोडं गरम वाटतं. तो ते ओळखतो. त्यानं लगेच फॅक्टर घेतला आणि अ‍ॅपवर नोंद केली : तारीख, वेळ, शरीराच्या चित्रावर उजव्या घोट्यावर बोट, दुखणं दहापैकी चार. तीन आठवड्यांनी पुन्हा तोच घोटा. त्यानंतर दोन आठवड्यांनी पुन्हा. प्रत्येक वेळी त्यानं नीट नोंद केली आणि प्रत्येक वेळी पडद्यावर हिरवा तारा आला, नियमित नोंदीबद्दल शाबासकीचा. आम्ही समजत होतो की ही नोंद उपचार केंद्रात कुणीतरी पाहतं आहे. संमतीच्या मजकुरात तसं लिहिलं होतं. काही गंभीर असतं तर फोन आला असता, असं आम्ही एकमेकांना म्हणालोसुद्धा.

एकाच सांध्यात सहा महिन्यांच्या आत तीन किंवा जास्त वेळा आपोआप ब्लीड झाला, तर त्याला टार्गेट जॉइंट म्हणतात. सांध्याचं आतलं अस्तर रक्तानं सुजतं, सुजलेलं अस्तर आणखी सहज रक्त सोडतं, आणि हे चक्र सुरू झालं की कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, झिजायला लागते. माझ्या दादाचा डावा गुडघा असाच गेला. तो आज पूर्ण सरळ होत नाही. ही व्याख्या डॉक्टरांना पाठ असते. अ‍ॅपमध्ये ती दोन ओळींत बसवता आली असती.

पुढच्या ठरलेल्या तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय, कसं चाललंय?" त्यांनी नोंदी उघडलेल्याच नव्हत्या. त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते, कारण बाहेर रांग होती आणि आत ते आणि एकच परिचारिका. नोंदी पाहायच्या तर वेगळ्या संगणकावर वेगळा पासवर्ड टाकून जावं लागे आणि त्यासाठी कुणाच्याही कामाच्या वेळेत एक मिनिटही धरलेलं नव्हतं. मुलानं मोबाइल पुढे केला. डॉक्टरांनी चित्रावरचे तीन ठिपके पाहिले आणि खुर्ची पुढे ओढली. डोस त्याच दिवशी बदलला. घोटा सावरला, पण आधीसारखा नाही.

परत येताना मुलगा एवढंच म्हणाला, "मग मी कुणाला लिहीत होतो?"

मंत्रिमहोदय, या प्रश्नाचं उत्तर द्यायचं काम अ‍ॅप बनवणाऱ्याचं नाही. ते आपलं आहे. अ‍ॅप विकत घेताना, मंजूर करताना, त्यासोबत वाचणाऱ्या माणसाचं पद मंजूर झालं पाहिजे. प्रत्येक उपचार केंद्रात किमान एक प्रशिक्षित परिचारिका, जिच्या आठवड्यातले काही ठरलेले तास फक्त घरून आलेल्या नोंदी पाहण्यासाठी राखलेले असतील आणि त्या तासांत तिला दुसऱ्या कामाला जुंपलं जाणार नाही. कुठल्या नोंदीला किती वेळात उत्तर यायला हवं, ते लेखी ठरलेलं असावं. आणि कुणी पाहणार नसेल, तर अ‍ॅपनं तसं पहिल्याच पानावर ठळक सांगावं, म्हणजे आम्ही फोन तरी करू. खोट्या भरवशापेक्षा ते बरं.

हे अशक्य नाही. ब्रिटनमध्ये हीमट्रॅक नावाची नोंदवही आहे. रुग्ण घरी घेतलेला फॅक्टर आणि झालेले ब्लीड त्यात लिहितो, ते त्याच्या उपचार केंद्राला दिसतं आणि तिथून राष्ट्रीय नोंदणीला जोडलेलं असतं. जर्मनीनं 2019 साली कायदा केला, आणि 2020 पासून तिथं डॉक्टर औषधासारखं अ‍ॅप लिहून देऊ शकतात, त्याचा खर्च आरोग्य विमा देतो. अट एवढीच की अ‍ॅपचा फायदा पुराव्यानं दाखवावा लागतो. तात्पुरती मान्यता मिळालेल्या अ‍ॅपला त्यासाठी साधारण वर्षभराची मुदत असते. मला ही अट फार मोलाची वाटते. हिरवे तारे हा पुरावा नाही. सांधे वाचले का, हे मोजा.

आता दुसरी गोष्ट. गेल्या वर्षी ते अ‍ॅप बंद झालं. कंपनीचं नाव मी घेत नाही, कारण उद्या दुसरी कंपनी हेच करेल. तीस दिवसांत सेवा थांबेल असा निरोप आला. नोंदी उतरवून घ्या म्हणाले, आणि उतरवल्या तर हाती आली निव्वळ चित्रं, पानंच्या पानं आलेखांची. त्यातली एकही तारीख दुसऱ्या अ‍ॅपला वाचता येत नव्हती. तीन वर्षांच्या नोंदी. आईची चाळीस वर्षांपूर्वीची वही मात्र आजही उघडली की वाचता येते, बॅच नंबरांसकट.

युरोपात 2018 पासून लागू असलेल्या माहिती संरक्षण कायद्यानं माणसाला स्वतःची माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात मागण्याचा आणि दुसरीकडे नेण्याचा हक्क दिला आहे. रुग्णालयांच्या यंत्रणांनी एकमेकांशी बोलावं म्हणून फायर नावाचं प्रमाणित स्वरूपही आहे. म्हणजे नवा शोध लावायचा नाही. सरकारी मान्यतेच्या अटींत एक कलम घालायचं आहे : नोंद रुग्णाची, ती प्रमाणित स्वरूपात कधीही मिळेल, आणि कंपनी गेली तरी नोंद जाणार नाही.

आनुवंशिक आजारात या माहितीला आणखी एक पदर आहे. माझ्या मुलाबद्दल अ‍ॅपमध्ये जे लिहिलं जातं, ते माझ्याबद्दलही असतं. माझ्या बहिणीबद्दल असू शकतं, तिच्या अजून लग्न न झालेल्या मुलीबद्दल असू शकतं, आणि त्या मुलीनं कसल्याही संमतीवर बोट टेकवलेलं नाही. लाखो लोकांची जनुकीय माहिती बाळगणारी ट्वेंटीथ्री-अँड-मी ही कंपनी मार्च 2025 मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा ती माहिती कुणाच्या हाती जाणार, हा प्रश्न एकाएकी सगळ्यांसमोर आला. अमेरिकेत 2008 चा कायदा आरोग्य विमा आणि नोकरीत जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला मनाई करतो, पण जीवन विमा त्याच्या बाहेर राहिला. आपण कायदा कराल तेव्हा ही फट राहू देऊ नका. आणि अ‍ॅपमधली कौटुंबिक माहिती नातेवाइकांच्या स्वतंत्र परवानगीशिवाय विकता किंवा वाटता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहा.

एक भीतीही बोलून दाखवते. अ‍ॅप आलं म्हणून तपासणीच्या भेटी कमी करता येतील, असं कुणीतरी आपल्याला खर्चाच्या तक्त्यात दाखवेल. ज्याच्याकडे चांगला मोबाइल नाही, ज्याला पडद्यावरची भाषा येत नाही, ज्याची बोटं सांध्यांमुळे वळत नाहीत, तो त्या तक्त्यात दिसणार नाही. त्याच्यासाठी वही आणि फोन चालू राहू द्या. वाचणारी परिचारिका असेल तर तिला वहीही वाचता येते.

आपल्या खात्यातले कुणी अ‍ॅपच्या अटी लिहायला बसतील, तेव्हा मला बोलवा. मी मुलाला घेऊन येईन, तो आलेख दाखवेल. आईची वहीही आणीन. लेबलं पिवळी पडली आहेत, पण नंबर अजून दिसतात.

आपली,
हिमोफिलिया असलेल्या एका मुलाची आई