ताईच्या डोळ्यांविषयी

पुणे,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय मित्रा,

बुधवारी फोनवर तू म्हणालास, "माझा एक डोळा काढून ताईला बसव, पण काहीतरी कर." मी गप्प झालो तेव्हा तुला वाटलं रेंज गेली. रेंज होती, मलाच बोलता आलं नाही. वसतिगृहात असताना आपण रविवारी तुझ्या ताईकडे जेवायला जायचो आणि ती दिवस मावळायच्या आत आपल्याला वाढून मोकळी व्हायची, आठवतं? आपल्याला वाटायचं, हिला लवकर जेवायची सवय. रातांधळेपणाची ती सुरुवात होती आणि तिचं तिलाही ते कळलं नव्हतं. चार दिवस हात काम करतायत आणि डोक्यात तेच घोळतंय. फोनवर नीट सांगता येणार नाही म्हणून लिहायला बसलोय. पत्र लांबेल, पण शेवटपर्यंत वाच. आणि तोवर त्या डोळ्यातल्या चिपच्या खर्चासाठी ओढ्याकाठच्या रानाचा विसार घेऊ नकोस.

आधी तुझ्या डोळ्याचं बोलतो. नेत्रदान झालं म्हणजे अख्खा डोळा दुसऱ्याला बसवतात असं पुष्कळांना वाटतं. बसवतात ते पारपटल, डोळ्याच्या अगदी पुढची पारदर्शक चकती. ती ज्याची पांढरी पडली त्याला नवी मिळाली की दिसू लागतं. ताईचं पारपटल स्वच्छ आहे, बिघाड मागच्या पडद्यात, उजेड टिपणाऱ्या रेटिनात आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणतात या आजाराला. अख्खा डोळा लावायचा प्रयत्नही झालाय, मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कला. विजेच्या तारेने चेहरा आणि डावा डोळा गेलेल्या एका लाइनमनला दात्याचा डोळा लावला. डोळा जगला, पडद्यात रक्त फिरू लागलं, पण त्या डोळ्याने त्याला दिसत नाही. डोळ्यापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या नसेत दहा लाखांवर तंतू असतात. ती एकदा कापली की पुन्हा जोडायची विद्या अजून कुणाकडे नाही.

आता तू पाठवलेली बातमी, डोळ्यात चिप बसवून नजर गेलेली माणसं पुन्हा वाचू लागली ही. ती खरी आहे, आणि वाचून मीही दोन रात्री नीट झोपलो नाही. त्या उपकरणाचं नाव प्रिमा. दोन मिलिमीटर लांब-रुंद आणि केसाच्या निम्म्याहून पातळ अशी चकती पडद्याखाली सरकवतात. तिच्यावर ३७८ ठिपके आहेत. चष्म्यातला कॅमेरा समोरचं टिपतो आणि ते चित्र न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात त्या चकतीवर टाकतो. छपरावरचं सोलर पॅनेल जसं उन्हातून वीज काढतं, तसा एकेक ठिपका त्या प्रकाशातून वीज काढतो आणि शेजारच्या जिवंत पेशीला डिवचतो. डोळ्यात तार नाही, बॅटरी नाही. स्टॅनफर्डच्या डॅनियल पॅलांकर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाची ही कल्पना. युरोपातल्या पाच देशांत ३८ जणांना ती चकती बसवली. वर्षाअखेर ३२ जणांची तपासणी झाली आणि त्यातल्या २६ जणांची नजर ठळकपणे सुधारली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये हे छापून आलं. ऐंशीच्या घरातली माणसं, समोरच्याचा चेहरा दिसेनासा झालेली, पुन्हा अक्षर लावून वाचू लागली. सावकाश वाचतात, रंग दिसत नाहीत, पण वाचतात. माझ्या उमेदीच्या काळात असं कुणी बोललं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

पण अरे, ती सगळी माणसं वेगळ्या आजाराची आहेत. वय झालं की काहींच्या पडद्याचा मधला भाग झिजतो. बघावं तिथे मधोमध डाग, कडेचं मात्र दिसतं. ताईचं नेमकं उलटं. तिच्या कडेच्या पेशी आधी गेल्या. अंधुक उजेडात पाहायच्या पेशी दहा-बारा कोटी असतात, त्या मरत मरत आत सरकतात आणि शेवटी नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं उरतं. तिचं मधलं अजून शाबूत आहे. मोठा टाइप ती चष्मा लावून वाचते, हे तूच मला सांगितलंस. त्या मधल्या पडद्याखाली पातं घालणारा शहाणा डॉक्टर तुला भेटणार नाही. आणि एखादा तयार झालाच, तर तिथून उठून बाहेर ये.

ताईच्या आजारासाठी म्हणूनही एक उपकरण होतं. त्याची हकीकत तुला कुणी सांगितली नसणार, म्हणून सविस्तर लिहितो. नाव आर्गस टू, कॅलिफोर्नियातल्या सेकंड साइट नावाच्या कंपनीचं. युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत २०१३ मध्ये त्याला परवानगी मिळाली. चष्म्यात कॅमेरा, कमरेला छोटा संगणक, आणि पडद्यावर बारीक खिळ्याने टोचून बसवलेली साठ टोकांची पट्टी. किंमत दीड लाख डॉलरच्या आसपास, शस्त्रक्रियेचा खर्च वेगळा. साठ टोकं म्हणजे फार तर साठ ठिपके. गणपतीच्या मंडपाबाहेर दिव्यांच्या पाटीवर मोर नाचतो ना, तिथे शेकड्यांनी दिवे असतात. साठ दिव्यांत मोर उमटत नाही. शिवाय पडद्यावरून नसेचे तंतू लांबच लांब गेलेले असतात. एका टोकाने वीज सोडली की वाटेतला तंतूही जागा होतो आणि ठिपक्याऐवजी लांबट रेघ दिसते. ज्यांना उजेडसुद्धा जेमतेम कळायचा, अशांनाच ते बसवायचे. त्यांना काय मिळालं? दार कुठे, खिडकी कुठे, रस्त्यावरचे पांढरे पट्टे, काळ्या टेबलावरची पांढरी बशी. काहींना मोठं अक्षर ओळखता आलं. मान सतत इकडून तिकडे फिरवायची आणि लुकलुकणाऱ्या ठिपक्यांवरून अंदाज बांधायचा. पंधरा-वीस वर्षं अंधारात काढलेल्या माणसाला तेवढंही किती मोलाचं असेल, हे मी समजू शकतो. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे.

जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांनी ते बसवून घेतलं. मग २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं आणि मार्च २०२० मध्ये बहुतेक नोकर कमी केले. ज्यांच्या डोळ्यात पट्टी होती त्यांना धड कुणी कळवलंही नाही. चष्मा मोडला, कमरेचा डबा बंद पडला, तर दुरुस्त करणारं कुणी नाही. एकाला एमआरआय काढायची वेळ आली, तेव्हा विचारायला कंपनीत माणूस सापडेना. एका बाईंचं यंत्र तर त्याआधीच, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकात भर गर्दीत बंद पडलं होतं. तीनदा बारीक आवाज आला आणि सगळं काळं. जर्मनीतली असंच उपकरण बनवणारी कंपनीही २०१९ मध्येच मिटली. प्रिमा घडवणारी पॅरिसची कंपनीसुद्धा बुडाली आणि तिचं काम २०२४ मध्ये अमेरिकेतल्या सायन्स कॉर्पोरेशनने विकत घेतलं. मला त्या शास्त्रज्ञांना नावं ठेवायची नाहीत. पण शरीरात आयुष्यभरासाठी वस्तू बसवायची तर ती बनवणारा दहा वर्षांनी कुठे असेल, हे आधी विचारायला हवं. आपण पंप घेतानासुद्धा सुटे भाग कराडात मिळतात का ते बघतो.

हे सगळं तुला इतकं सरळ लिहिताना मला जड जातंय. तरी लिहितोय, त्याला कारण आहे. तुला कधी सांगितलं नव्हतं.

तुला माझं काम माहीत आहे. डोळा गेलेल्या माणसाच्या रिकाम्या खोबणीचं माप घ्यायचं, मेणाचा नमुना पापण्यांखाली बसवून बघायचा, मग अॅक्रिलिकमध्ये डोळा घडवायचा. माणसाला समोर बसवून दुसऱ्या डोळ्याबरहुकूम बुबुळ रंगवायचं. आपल्याकडे सगळे म्हणतात काळे डोळे. काळा डोळा मी अजून पाहिला नाही. तपकिरी असतो, कुणाचा गुळासारखा, कुणाचा चिंचेसारखा, आणि कडेला धुरकट कंगोरा. पांढरंही पांढरं नसतं. त्यावर लाल रेशमाचे सुटे धागे शिरांसारखे मी एकेक करून मांडतो. इराणमध्ये शहर-ए-सोख्ता नावाच्या जागी जवळजवळ पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईची कवटी सापडली, तिच्या खोबणीत घडवलेला डोळा होता. त्या कारागिराने शिरांसाठी सोन्याची बारीक तार वापरली होती. धागे मांडताना मला त्याची पुष्कळदा आठवण येते. त्याचा डोळा बघत नव्हता, माझाही बघत नाही. चेहरा पूर्ववत होतो, माणूस गॉगल काढून लग्नकार्यात जातो, आणि तेवढ्यासाठी मी हे काम जीव लावून करतो.

बारा वर्षांपूर्वी एक बाई दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. डोळ्यात कर्करोगाची गाठ होती, जीव वाचवायला डोळा काढावा लागला होता. मी डोळा बसवला. त्या रडल्या, हसल्या, मग हळूच म्हणाल्या, "मोठा झाल्यावर यानं दिसेल ना?" मला नाही म्हणवलं नाही. मी म्हणालो, "विज्ञान पुढे जातंय, बघू." मुलं वाढतात तशी खोबणी वाढते, डोळा बदलावा लागतो, म्हणून ते येत राहिले. मीही दर वेळी तोच "बघू" म्हणत राहिलो. मुलगा नऊ वर्षांचा झाला तेव्हा खुर्चीत बसून त्याने मला विचारलं, "काका, आता मी मोठा झालो. आज याच्यात दिवा लावणार ना?" आईने त्याला सात वर्षं तसंच सांगितलं होतं. तिने ते माझ्या शब्दावर सांगितलं होतं. मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसलो आणि म्हणालो, नाही बाळा, याने कधीच दिसणार नाही, आणि हे मी तुझ्या आईला आधीच सांगायला हवं होतं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग क्रिकेट खेळू का?" खेळ म्हणालो, फक्त चांगल्या डोळ्याला जपायचं, पॉलिकार्बोनेटचा चष्मा लावल्याशिवाय मैदानात उतरायचं नाही. त्याच्या आईकडे मात्र त्या दिवशी मला मान वर करून पाहता आलं नाही.

म्हणून तुला "बघू" म्हणणार नाही. ताईला आज उपयोगी पडेल अशी कुठलीही चिप जगात नाही. रान विकून उपयोग नाही. आणि पेशींचं इंजेक्शन देऊन नजर आणतो म्हणणारा कुणी भेटला, तर त्याच्यापासून लांब राहा. अमेरिकेत फ्लोरिडाला तीन बायकांनी पोटाच्या चरबीतल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या होत्या. उरलीसुरली नजरही गेली.

करण्यासारखं काही नाही असं मात्र मुळीच नाही. पहिलं म्हणजे जनुक तपासणी. तुझे आई-अण्णा आते-मामे भावंडं. दोघांकडून तोच एक बिघडलेला जनुक ताईकडे आला असण्याची शक्यता मोठी आहे. या आजारामागे ऐंशीहून जास्त जनुकं सापडली आहेत, त्यातल्या आरपीई६५ या एकावर उपचार आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली, किंमत दोन्ही डोळ्यांची साडेआठ लाख डॉलर, म्हणजे तुझ्या सगळ्या भावकीची रानं विकूनही पुरणार नाही. तरी आपला दोष कुठला हे कागदावर असलं पाहिजे. उद्या कुठे चाचणी निघाली तर पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि तुझ्या मुलींसाठीही ते माहीत असणं बरं. पुढे काय येईल याची एक खूण सांगतो. पॅरिसला ५८ वर्षांच्या एका गृहस्थाच्या डोळ्यात, आजार ताईचाच, शैवालात सापडणाऱ्या प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनाचा जनुक घातला, ते २०२१ मध्ये छापून आलं. खास चष्मा लावून त्यांना टेबलावरची वही आणि पेले हाताने शोधता आले. कुठलाही जनुक बिघडलेला असला तरी ही वाट चालू शकते. मला सगळ्यात जास्त आशा तिचीच आहे.

दुसरं, दरवर्षी तपासणी. या आजारात मोतीबिंदू लवकर येतो आणि पडद्याच्या मध्यावर सूजही येते. दोन्हींवर उपाय आहे, आणि उपाय न केल्यामुळे गेलेली नजर फुकट गेली म्हणायची. तिसरं, अपंगत्वाचं प्रमाणपत्र. "वाचता येतं म्हणजे अपंग नाही" असं सांगून ताईला परत पाठवलं म्हणालास, ते चूक आहे. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यात दृष्टीचं क्षेत्र, म्हणजे डोळा न हलवता दिसणारा भाग, दहा अंशांहून कमी असेल तर अंधत्वच धरतात, अक्षर कितीही वाचता येवो. क्षेत्राचा आलेख काढून पुन्हा अर्ज करायचा. पांढरी काठी आणि फोनवर मराठीत वाचून दाखवणारा आवाज, हे मी आलो की शिकवतो. काठीला ती नाही म्हणते, हे ठाऊक आहे. त्यावर मी बोलेन तिच्याशी.

आता एक गोष्ट, जी तुला ताईने सांगितली नसेल. गुरुवारी तिचा मला फोन आला होता. म्हणाली, "ते चिपचं बसवलं तर धाकटीचं तोंड एकदम दिसेल का रे? डोळा दिसतो, मग नाक दिसतं, मग हनुवटी. सगळं मिळून ती कशी दिसते ते मला माहीतच नाही." मी म्हणालो, येऊन सांगतो.

चिपने नाही दिसणार, हे तिला मीच सांगणार आहे. पण फोन ठेवल्यावर मी हिशेब मांडला. ताईचं क्षेत्र पाचेक अंश उरलंय. तुझी धाकटी पोरगी तिच्या मांडीवर असते किंवा हातभर अंतरावर, तेवढ्या अंतरावर त्या नळीत पाचेक सेंटिमीटर मावतात, म्हणजे एक डोळा नाहीतर नाक. तीच पोरगी दहा फुटांवर उभी राहिली तर वीतभराहून थोडं जास्त मावतं. त्यात आख्खा चेहरा बसतो. लहान दिसेल, पण बसेल. आपण सगळे इतकी वर्षं तिला नीट दिसावं म्हणून जवळ जवळ जात राहिलो.

शनिवारी पहाटेच्या एसटीने निघतो, नऊपर्यंत पोचेन. धाकटीला शाळेला सुट्टी असेलच, तिला कुठे पाठवू नकोस. सकाळी पडवीत ऊन येतं, तिथे तिला उभी करू आणि ताईला आतल्या खांबापाशी बसवू. दहा फूट मोजून ठेव.

तुझाच,
मी