निगेटिव्हवरील इंजिनाचा क्रमांक बदलल्याबाबत तक्रार

विश्रामबाग, सांगली
दि. १४ जुलै २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
निगेटिव्ह स्कॅनिंग सेवा

विषय : मे १९९९ मधील चार रोल स्कॅन करताना चित्रांत परस्पर केलेले बदल आणि सहा फ्रेमची हरवलेली पट्टी.

महोदय,

माझ्या वडिलांनी १९९९ च्या मे महिन्यात रत्नागिरी मुक्कामी रेल्वे इंजिनांचे जे फोटो काढले, त्यांच्या चार रोलच्या निगेटिव्ह मी २६ मे २०२५ रोजी आपल्याकडे स्कॅनिंगसाठी पाठवल्या होत्या. सहा-सहा फ्रेमच्या चोवीस पट्ट्या, म्हणजे एकूण १४४ फ्रेम, असा हिशेब आपल्या पोचपावतीवरही आहे. मागणी नोंदवताना मी ४००० डीपीआयच्या (दर इंचाला ४००० बिंदू टिपणाऱ्या) टिफ फाइलचा, म्हणजे आपल्या दरपत्रकातला सर्वांत महाग पर्याय निवडला होता आणि सूचनांच्या रकान्यात ‘रंग, कातरणी किंवा अन्य कोणतीही सुधारणा करू नये’ असे स्पष्ट लिहिले होते. २५ जूनला माझ्या हाती आल्या त्या १३८ जेपीईजी फाइल आणि तेवीस पट्ट्या. फाइल लहान आहेत, कडा कापलेल्या आहेत, एक अख्खा रोल उलटा स्कॅन झाला आहे आणि एक पट्टी परत आलेली नाही. या सगळ्याबद्दल पुढे लिहितेच, पण सर्वांत गंभीर बाब आधी सांगते : आपण दिलेल्या फाइलमध्ये एका इंजिनाचा क्रमांक बदललेला आहे.

कृपया तिसऱ्या रोलमधील चौदावी फ्रेम पाहावी. मुंबईच्या बाजूने आलेली गाडी रत्नागिरीच्या फलाटाला लागते आहे आणि डब्ल्यूडीएम-२ जातीचे डिझेल इंजिन समोरून दिसते आहे. त्याचा क्रमांक १७८३६ आहे. आपल्या फाइलमध्ये तो १७८८६ असा दिसतो, आणि इतका ठळक व रेखीव दिसतो की पाहणाऱ्याला शंकाही येऊ नये. मूळ निगेटिव्हमध्ये हे आकडे किंचित हललेले आहेत, कारण गाडी चालती होती आणि संध्याकाळचा उजेड उतरला होता. तरीही घड्याळजीच्या भिंगाखाली धरल्यास तीन हा तीनच वाचता येतो. आपल्या संगणक प्रणालीने अस्पष्ट अक्षरे स्पष्ट करण्याच्या भरात इंग्रजी तिनाचा आठ केला. क्रमांकाखाली देवनागरीत शेडचे, म्हणजे इंजिनाची देखभाल होते त्या आगाराचे, नाव लिहिलेले होते, त्या जागी आता कोणत्याही लिपीत नसलेल्या, अक्षरांसारख्या भासणाऱ्या आकृत्या आहेत. पंधरावी फ्रेम त्याच इंजिनाची बाजूने घेतलेली आहे आणि केबिनच्या अंगावर हाच क्रमांक रंगवलेला आहे. तिथे ताळा करता आला असता. परंतु ३६ मिलिमीटर रुंदीच्या फ्रेममधले चार मिलिमीटर आपण कापून ती ४:३ च्या चौकटीत बसवली आहे आणि क्रमांक नेमका त्या चार मिलिमीटरांत गेला आहे.

आपल्या कर्मचाऱ्यांना ही बाब क्षुल्लक वाटत असल्याचे त्यांच्या बोलण्यातून जाणवले, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. डब्ल्यूडीएम-२ ही इंजिने वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून तीन दशकांहून अधिक काळ घडत होती आणि त्यांची संख्या अडीच हजारांच्या वर गेली होती. आकाराने ती जवळपास सारखीच. त्यांतले एक इंजिन दुसऱ्यापासून वेगळे ओळखायचे तर क्रमांक आणि शेड हाच आधार. कोणते इंजिन, कोणत्या शेडचे, कोणत्या दिवशी कोणत्या मार्गावर धावत होते, याची नोंद ठेवण्यासाठीच हा छंद असणारी माणसे उन्हातान्हात फलाटावर उभी राहतात. फोटो हा त्या नोंदीचा पुरावा असतो. क्रमांक चुकीचा असलेला फोटो कितीही देखणा असला तरी तो खोटी साक्ष देतो.

माझे वडील मिरजेत वाढले. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही मापांचे रूळ एकाच जंक्शनात पाहण्याचे भाग्य त्यांच्या पिढीला लाभले, आणि शाळा सुटल्यावर पुलावर उभे राहून इंजिनांचे क्रमांक वहीत उतरवण्याची सवय त्यांना तिथेच लागली. त्या काळात कॅमेरा परवडण्यासारखा नव्हता. बँकेच्या नोकरीत स्थिरावल्यावर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी पहिला कॅमेरा घेतला, तोवर मिरजेतली मीटरगेज गेलीही होती. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे रोह्यापासून ठोकूरपर्यंत सलग सुरू झाली, तेव्हापासून रत्नागिरीला जायचे त्यांनी मनाशी ठरवले होते, आणि पुढच्या वर्षीच्या मेमध्ये आम्ही एसटीने कोल्हापूर आणि आंबा घाटमार्गे तिथे आठ दिवसांसाठी गेलो. सकाळी आम्ही सगळे भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत किंवा मांडवीच्या काळ्या वाळूत असू, आणि दुपार कलली की वडील मला घेऊन रिक्षाने स्टेशनावर जात. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. स्टेशनमास्तरांना सांगून आम्ही फलाटाच्या टोकाला थांबत असू. एकेरी मार्ग असल्यामुळे क्रॉसिंगसाठी गाड्या थांबत, आणि तेवढ्या वेळात मी क्रमांक मोठ्याने वाची, वडील तो वहीत लिहीत. तारीख, वेळ, इंजिन, शेड, गाडीची दिशा, रोल आणि फ्रेम असे वहीचे रकाने आहेत. १७८३६ हा क्रमांक मी स्वतः वाचला होता.

आता जे घडले ते सांगते. वडिलांचे पंचाहत्तरावे वर्ष म्हणून हे फोटो त्यांना मोठ्या पडद्यावर दाखवण्याचे आम्ही ठरवले होते, आणि फाइल आल्या त्याच संध्याकाळी त्या लावल्या. वडील वही मांडीवर घेऊन एकेक फ्रेम ताडून पाहत होते. चौदाव्या फ्रेमपाशी ते थांबले, वहीत पाहिले, पुन्हा पडद्याकडे पाहिले आणि काही न बोलता पुढे गेले. दुसऱ्या दिवशी वही पाहिली तेव्हा सव्वीस वर्षांपूर्वीच्या नोंदीवर त्यांनी बॉलपेनने रेघ मारून शेजारी १७८८६ असे लिहिलेले होते. मी विचारले तेव्हा ते म्हणाले की फोटो खोटे बोलत नाही, त्या दिवशी आपलीच चूक झाली असेल. त्यानंतरचे दोन दिवस ते इतरही नोंदी तपासत बसले, कारण एक चुकली तर आणखीही चुकल्या असतील, असे त्यांच्या मनाने घेतले होते. निगेटिव्ह परत आल्या होत्या म्हणून मी मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर पट्टी ठेवून भिंगाने पाहू शकले आणि खरे काय ते कळले. निगेटिव्ह नसत्या तर आपल्या फाइलने एका काटेकोर माणसाची बरोबर नोंद कायमची चुकीची ठरवली असती.

हाच प्रकार धुराच्या बाबतीत झाला आहे. गाडी फलाटावरून निघताना ड्रायव्हर एकेक नॉच (इंजिनाच्या शक्तीचा टप्पा) वाढवतो, तेव्हा या इंजिनातून काळ्या धुराचा लोट उठतो. सिलिंडरांत इंधन लगेच वाढते, पण जादा हवा आत दाबणाऱ्या टर्बोचार्जरला वेग घ्यायला काही क्षण लागतात. तेवढा वेळ हवा कमी पडते आणि अर्धवट जळलेले इंधन धूर होऊन बाहेर येते. २६०० अश्वशक्तीच्या त्या सोळा सिलिंडरांच्या इंजिनाची ही खूणच होती, आणि वडिलांनी तोच क्षण पकडण्यासाठी किमान दहा फ्रेम खर्च केल्या होत्या, ज्या काळात एका रोलमध्ये छत्तीसच फ्रेम मिळत आणि प्रत्येक फ्रेमचा हिशेब असे. आपल्या प्रणालीने त्या धुराला डाग समजून पुसले आहे आणि त्याजागी निळेभोर आकाश भरले आहे. मेअखेरीस पावसापूर्वी कोकणातले आकाश असे नसते; ते पांढुरके, दमट असते आणि निगेटिव्हमध्ये ते तसेच आहे.

दुसरा रोल संपूर्णपणे उलट्या बाजूने स्कॅन झालेला आहे. पट्टीच्या कडेवरचे फ्रेमचे आकडे सुलटे वाचता येतील अशी ती ठेवायची असते, एवढे पाहिले असते तरी पुरे होते. तेही पाहायचे नसेल तर ‘रत्नागिरी’ ही पाटी आरशात दिसावी तशी उलटी दिसते आहे, ती कुणाच्या तरी नजरेला पडायला हवी होती. याच रोलमध्ये १९९९ च्या जानेवारीत नव्याने सुरू झालेल्या रो-रो सेवेची चित्रे आहेत : सपाट वाघिणींवर ओळीने चढवलेले मालट्रक आणि केबिनमध्ये बसूनच प्रवास करणारे त्यांचे चालक. आपल्या फाइलमध्ये त्या सगळ्या ट्रकांची स्टिअरिंग डावीकडे गेली आहेत.

हरवलेली पट्टी पहिल्या रोलमधील १९ ते २४ क्रमांकांची आहे. वहीतील नोंदीनुसार त्यांपैकी चार फ्रेम रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवरील ६४ मीटर उंच पुलाच्या आहेत, ज्यासाठी वडील भर उन्हात दोन तास गाडीची वाट पाहत खाली उभे होते, आणि दोन आईने काढलेल्या आहेत. आईने त्या सहलीत कॅमेरा हाती घेतला तो त्या दोनच वेळा. आपल्या प्रतिनिधींनी दूरध्वनीवर सांगितले की पट्ट्या आल्या तेव्हाच तेवीस असाव्यात. मग पोचपावतीवर चोवीस कोणी मोजल्या, याचे उत्तर मला मिळालेले नाही.

फाइलच्या आकाराबद्दल थोडक्यात : ४००० डीपीआयने स्कॅन केल्यास ३५ मिमी फिल्मच्या एका फ्रेमची प्रतिमा साधारण ५६७० बाय ३७८० पिक्सेलची होते. मला मिळालेल्या फाइल १६०० बाय १२०० च्या आहेत. पैसे मात्र मी निवडलेल्या महाग पर्यायाच्याच दराने घेतले गेले.

मी २७ जून आणि २ जुलै रोजी आपल्या ग्राहक सेवेशी बोलले. ही आमची नेहमीची प्रक्रिया आहे, बहुतेक ग्राहकांना उजळ फोटो आवडतात, असे मला सांगण्यात आले आणि पुढील मागणीवर वीस टक्के सवलत देऊ करण्यात आली. ही सवलत मी नाकारते. लग्नाच्या किंवा वाढदिवसाच्या फोटोत चेहरा उजळ करून दिल्यास कुणाची हरकत नसेलही, आणि तशी सेवा आपण जरूर द्यावी. परंतु ज्या ग्राहकाने सुधारणा नको असे लिहून दिले आहे, त्याच्या चित्रातले आकडे यंत्राने अंदाजाने भरायचे आणि भरले आहेत हे कळवायचेही नाही, याला सेवा म्हणता येणार नाही. हे फोटो पुन्हा काढता येणार नाहीत. कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झाले. आज त्याच फलाटाच्या टोकाला उभे राहिले तर डोक्यावर तारा दिसतात आणि डब्ल्यूडीएम-२ तिथे येत नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे की आपण हरवलेल्या पट्टीचा लेखी शोध घ्यावा आणि निष्कर्ष काहीही असला तरी तो मला कळवावा. उरलेल्या १३८ फ्रेम कोणतीही प्रक्रिया न करता, पूर्ण चौकटीसह, मूळ ठरलेल्या आकारात पुन्हा स्कॅन कराव्यात. आणि हे काम आपल्याकडून होणार नसेल तर घेतलेली संपूर्ण रक्कम परत करावी. निगेटिव्ह मी या वेळी कुरिअरने पाठवणार नाही. दिवस ठरवून स्वतः घेऊन येईन, समोर बसून स्कॅन करून घेईन आणि त्याच दिवशी परत नेईन. आपल्या संगणकावर असलेल्या बदललेल्या फाइल पुसून टाकाव्यात आणि नमुना म्हणून कुठेही वापरू नयेत. वडिलांच्या नावावर तो १७८८६ फिरू नये, अशी माझी इच्छा आहे.

या पत्रापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल सांगली येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार नोंदवण्याची मुभा हा कायदा देतो, त्यामुळे आपले कार्यालय अन्य शहरात असल्याने मला अडचण येणार नाही. पोचपावती, मागणीची प्रत, तिसऱ्या रोलमधील चौदाव्या फ्रेमचा भिंगातून घेतलेला फोटो आणि वहीच्या त्या पानाची छायाप्रत सोबत जोडली आहे.

आणखी एक विनंती आहे, ती वडिलांसाठी. चौदाव्या फ्रेममधील क्रमांक आपल्या प्रक्रियेमुळे बदलला आणि मूळ निगेटिव्हवर तो १७८३६ आहे, एवढे दोन ओळींत लिहून, सहीशिक्क्यासह एक वेगळे पत्र त्यांच्या नावे पाठवावे. मी सांगितले तरी त्यांनी वहीतली रेघ अद्याप तशीच ठेवली आहे. आपले पत्र आल्यावर ते ती नोंद पुन्हा लिहितील आणि पत्र त्याच पानाला डकवतील, असे त्यांनी मला सांगितले आहे.

आपली,
(स्वाक्षरी)
तक्रारदार ग्राहक, सांगली