पावलं मोजतच नाहीत

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या आरोग्याच्या पानावर संधिवाताबद्दल बरंच येतं, व्यायाम, वजन, थंडीत काय काळजी घ्यायची वगैरे. पण एका गोष्टीवर कोणीच लिहीत नाही म्हणून मी लिहितेय, की आपली नेहमीची सिस्टर सोडून जाते आणि तिच्या जागी नवीन मुलगी येते तेव्हा जुन्या पेशंटने करायचं काय.

मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस होऊन १४ वर्षं झाली. वयामुळे गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा, यात आपली प्रतिकारशक्तीच आपल्या सांध्यांवर उलटते. डॉक्टर वर्षातून एकदोनदा भेटतात, मधला सगळा कारभार या आजाराच्या स्पेशालिस्ट नर्सकडे, म्हणजे सांधे तपासणं, रक्ताचे रिपोर्ट बघणं, डोस बदलायचा वाटला तर डॉक्टरांच्या कानावर घालणं, आमचे फोन घेणं. जुन्या सिस्टर नऊ वर्षं होत्या. मी दाराची कडी कशी धरते त्यावरून त्यांना कळायचं की मनगट धरलंय. त्या गेल्या, आम्हाला सांगणं नाही काही नाही, आणि पुढच्या वेळी खुर्चीत नवीन मुलगी. गोड बोलणारी, हुशार, पण या कामात नवीन आहे हे पाच मिनिटांत कळलं.

कसं ते सांगते. सांध्याची सूज नुसती बघून नाही कळत, अंगठ्याने दाबून कळते, आणि सांधा दुखतोय का हे कळायला दाबणाऱ्याचं नख पांढरं पडेल इतपत दाबावं लागतं, हे मला जुन्या सिस्टरांनीच दाखवलेलं. हिने माझ्या बोटांना तान्ह्या बाळाला लावावा तसा हात लावला. मला दुखेल म्हणून तीच घाबरलेली. मग कॉम्प्युटरमध्ये आकडे भरले आणि म्हणाली, "काकू, स्कोअर २.४ आलाय, २.६ च्या खाली म्हणजे रेमिशन, आजार शांत, मस्तच!" आणि त्याच दिवशी सकाळी मी पलंगावरून उतरताना भिंतीला धरून उभी होते, तळव्याखाली खडे पसरल्यासारखं वाटत होतं, पाऊल टेकवेना.

बरं, ती खोटं बोलत नव्हती. आजाराचा जोर मोजणारा डास-२८ नावाचा तो जो स्कोअर आहे त्यात २८ सांधे धरतात, दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, हाताच्या बोटांचे २० आणि दोन गुडघे. घोटे नाहीत, पावलं नाहीत! शिवाय ईएसआर किंवा सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट, आणि पेशंटला स्वतःला कसं वाटतंय याचा ० ते १०० मधला आकडा. तिथे मी सवयीने ३० सांगून मोकळी झाले, कारण आपल्याला "ठीक आहे" म्हणायची खोडच असते. म्हणजे थोडी चूक माझीही होती. पण जुन्या सिस्टर स्कोअर काहीही येवो, आधी पावलं बघायच्या, ते कुठल्या फॉर्मवर लिहिलेलं नव्हतं, त्यांच्या हातात होतं आणि त्यांच्याबरोबर गेलं.

त्या दिवशी मी फुगून घरी आले. दुसऱ्या वेळी काउंटरवर विचारलंसुद्धा की दुसऱ्या कोणाकडे द्या, तर दुसरं कोणी नव्हतंच. आत गेले तर मुलगी फाइल वाचून माझ्या या आजाराच्या औषधाबद्दल म्हणाली, मेथोट्रेक्सेट आठवड्याला सहा गोळ्या ना? मी म्हटलं हो, पण २.५ मिलिग्रॅमच्या, या वेळची स्ट्रिप १० ची आहे, बघ. सहा गोळ्या म्हणजे १५ च्या जागी ६० झाले असते, आणि हे औषध असं आहे की जास्त गेलं किंवा चुकून रोज घेतलं तर रक्तपेशी बनायच्या बंद पडतात, माणूस जातो. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं आता काहीतरी सारवासारव करेल. पण ती उठली, म्हणाली, "मला नक्की माहीत नाही, डॉक्टरांना विचारून येते," आणि खरंच विचारून आली, परत येऊन माझ्यासमोर कागदावर लिहिलं. खरं सांगते, त्या दिवसापासून माझा राग गेला. मला भीती वाटते ती विचारायला न उठणाऱ्या जुन्याजाणत्यांची.

तेव्हापासून मी एक वही करते. पहिल्या पानावर मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच, रविवारी, गोळ्या किती ते नाही, मिलिग्रॅमच. फॉलिक ॲसिड दुसऱ्या दिवशी. लिव्हर आणि रक्तपेशींची शेवटची टेस्ट कधी झाली ती तारीख. ट्रायमेथोप्रिम असलेलं अँटिबायोटिक मला चालत नाही, मेथोट्रेक्सेटबरोबर ते घातक ठरू शकतं, हे लाल पेनने. सकाळचा आखडलेपणा किती वेळ राहिला ते रोज लिहिते, आणि सूज आली की मोबाइलवर फोटो काढते, कारण अपॉइंटमेंटच्या दिवशी ती हमखास गायब असते (सगळ्या पेशंटांचा अनुभव आहे हा). वही तिच्यासमोर ठेवते आणि तोंडानेही सांगते, लाजत नाही, की जोरात दाब, नाहीतर कळणार नाही.

पण साहेब, हे शिकवायचं काम पेशंटचं आहे का? मी १४ वर्षं मुरलेली, मला जमलं. परवाच ज्याला आजार कळला तो स्ट्रिप बघेल का? जायच्या आधी जुन्या सिस्टरांनी चार-सहा महिने नवीन मुलीला शेजारी बसवून घेतलं असतं तर दोघींचंही भलं झालं असतं. तिलाही त्रासच होतो की, एकटीला खुर्चीत बसवून द्यायचं आणि वर आमच्यासारख्यांच्या शिव्या खायला लावायच्या.

मागच्या आठवड्यात गेले होते. तिने मनगट असं दाबलं की मी ओरडलेच. मग स्वतःहून म्हणाली, "काकू, सॉक्स काढा," आणि पावलाच्या बोटांचे सांधे दोन्ही बाजूंनी मुठीत आवळले. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, आता पावलाची सोनोग्राफी झालीय, रिपोर्ट यायचाय.

आपली,
एक वाचक