‘दूध पातळ’ म्हणण्याआधी बाळाला पिताना पाहा

मा. संपादक,

सोयाबीनची सोंगणी आणि पाठोपाठ कापसाची वेचणी लागली की दीड-दोन महिन्यांच्या लेकराची आईही वावरात जाऊ लागते. बाळाचं वजन भरत नाही, शी हिरवी होते, पोट गुडगुडतं, या तक्रारी याच दिवसांत वाढतात. घरच्यांचं निदान मात्र ठरलेलं: आईचं दूध पातळ! मग घुटी, ग्राइप वॉटर, एरंडेल आणि शेवटी पाणी घातलेलं गाईचं दूध. मेळघाटात तर पोट फुगलं म्हणून तापल्या लोखंडाचे चटके देणं अजून पुरतं थांबलेलं नाही.

सुरुवातीला येणारं दूध पाणीदारच असतं. स्तन रिकामा होत जातो तशी त्यात चरबी वाढते. पाच मिनिटांत बाळ दुसऱ्या बाजूला घेतलं, किंवा कामामुळे चार-पाच तास खंड पडून छाती दगडासारखी भरली, की बाळाचं पोट सुरुवातीच्या पाणीदार दुधानेच भरतं. त्यातली साखर न पचता मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, म्हणून गॅस आणि फेसाळ हिरवी शी. शिवाय छाती भरलेली राहिली की शरीर दूध बनवणंच कमी करतं. म्हणून एक बाजू बाळ आपणहून सोडेपर्यंत पाजावी, मगच दुसरी द्यावी. पाजणी दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा व्हावी, रात्रीची तर चुकवूच नये.

दुसरं कारण पकडीचं. तोंडात नुसतं निपल असेल तर बाळ तासभर चोखूनही उपाशी राहतं आणि आईला चिरा पडतात. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली आणि काळा भाग वरून जास्त, खालून कमी दिसणारा, ही बरोबर पकड. गिळण्याचा आवाज येतो. चक-चक वाजत असेल आणि गाल आत जात असतील तर कडेने बोट घालून सोडवावं व पुन्हा लावावं. तरी जमत नसेल तर जीभ खाली चिकटलेली आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावं.

कामावर जाणाऱ्या आईने दूध काढून ठेवावं. हात धुऊन अंगठा व तर्जनी काळ्या भागाच्या कडेला ठेवायची, आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे. निपल ओढायचं नाही. उकळून घेतलेल्या झाकणाच्या वाटीत ठेवावं, वाटी-चमच्यानेच पाजावं. साध्या गारव्यात चार तास चालतं, आपल्याकडच्या उन्हात त्याहून लवकर संपवावं.

वजनाचाही घोळ असतो. आशाताईंच्या गृहभेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी ठरलेल्या आहेत. दर वेळी तोच काटा, रिकामी झोळी अडकवून शून्यावर आणलेला, आणि बाळ उघडं हवं. स्वेटर-टोपीसकट केलेलं वजन कामाचं नाही. पहिल्या दिवसांत वजन 7 ते 10 टक्क्यांपर्यंत घटतं, दोन आठवड्यांत भरून येतं, नंतर रोज 20 ते 30 ग्रॅम वाढायला हवं. पाचव्या दिवसानंतर 24 तासांत सहा वेळा तरी लघवी व्हावी. ती होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दीड महिन्यानंतरच्या बाळाला चार-पाच दिवस शी झाली नाही तरी घाबरू नये. पण हिरवी उलटी, शीत रक्त, पांढरट शी, ताप किंवा पिणं सोडून सुस्त पडणं दिसलं तर घुटी उगाळत बसू नये. तडक रुग्णालय गाठावं.

घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत गडचिरोलीतल्या कामातून उभी राहिली आणि 2011 पासून देशभर आली. त्याच विदर्भात आज भेट म्हणजे वजन लिहिणं, एवढंच उरत चाललं आहे. आशांवर कामं लादली आहेतच, त्यांना दोष नाही. आरोग्य विभागाने इतकंच करावं: वजन न भरलेल्या बाळाची एक पाजणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांनी पाहून कार्डावर नोंदवायला सांगावं, आणि त्या वेळेचा मोबदला द्यावा. शेतमालकांनीही अंगावर पाजणाऱ्या मजूर बाईला मजुरी न कापता दोन वेळा सुट्टी द्यावी.

– ग्रामीण भागातील काही आरोग्यसेविका, यवतमाळ जिल्हा