अमेरिकेचा इतिहास ‘उरकून’ टाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत शिकायला येणाऱ्या किंवा इथेच वाढलेल्या मराठी मुलांना घरीदारी एक सल्ला हमखास मिळतो, तो म्हणजे इतिहासाचा सक्तीचा विषय उन्हाळ्यात ऑनलाइन उरकून टाका आणि मुख्य अभ्यासाला वेळ मोकळा ठेवा. टेक्सासमधल्या सरकारी महाविद्यालयातून पदवी घ्यायची, तर अमेरिकेच्या इतिहासाचे सहा क्रेडिट, म्हणजे साधारण दोन अभ्यासक्रम, कायद्यानेच पूर्ण करावे लागतात. त्यातला पहिला अभ्यासक्रम युरोपीय वसाहतींच्या आधीपासून सुरू होतो आणि १८७७ साली, यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेचे पर्व संपते तिथे थांबतो. हा अभ्यासक्रम मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात ऑनलाइन शिकले आणि त्यानंतर आग्रहाने सांगावेसे वाटते, की निदान मराठी विद्यार्थ्यांनी तरी तो उरकू नये.

१६१९ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनिया या इंग्रजी वसाहतीच्या किनाऱ्यावर विसाहून थोडे अधिक आफ्रिकी बंदिवान उतरवले गेले. त्या वेळी वसाहतीत गुलामगिरीचा कायदा असा लिहिलेला नव्हता. तो पुढच्या काही दशकांत कलमाकलमाने रचला गेला. एलिझाबेथ की या स्त्रीची आई आफ्रिकी गुलाम होती आणि वडील इंग्रज. इंग्रजी रिवाजाप्रमाणे मुलाचा दर्जा बापावरून ठरतो आणि माझा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षाही, झालेला आहे, या आधारावर तिने स्वातंत्र्यासाठी दावा लावला आणि १६५६ मध्ये ती मुक्त झाली. त्यानंतर १६६२ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदा केला, की मूल गुलाम की स्वतंत्र हे फक्त आईच्या दर्जावरून ठरेल. १६६७ साली आणखी एक कायदा आला आणि बाप्तिस्म्याने गुलामाची सुटका होणार नाही हेही ठरून गेले. एका बाईने जे दोन आधार घेऊन न्याय मिळवला, ते दोन्ही अकरा वर्षांत काढून घेतले गेले, आणि मालकापासून गुलाम स्त्रीला झालेले मूल त्याच मालकाची मालमत्ता ठरू लागले. हे कायदे जेमतेम काही ओळींचे आहेत. पाठ्यपुस्तकातला सारांश वाचून जे कळत नाही, ते त्या ओळी स्वतः वाचल्यावर कळते.

जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारे नियम आपल्याला परके नाहीत. म्हणूनच जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले. अमेरिकेच्या राज्यघटनेतली गुलामगिरी रद्द करणारी तेरावी दुरुस्ती १८६५ सालची. पुण्यात बसून फुल्यांनी तिचे मोल ओळखले होते. इथे राहणाऱ्या आपल्या मुलांनी मात्र तो इतिहास उन्हाळी सत्राच्या पाच आठवड्यांत गुंडाळावा, याचे मला फार वाईट वाटते.

शिवाय हा इतिहास थेट आपल्या नागरिकत्वापर्यंत येऊन पोहोचतो. १७९० मध्ये पहिल्याच काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला, की परदेशातून आलेल्यांपैकी फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या’ व्यक्तींनाच नागरिक होता येईल. त्यातल्या गोरेपणाच्या अटीवर बोट ठेवून १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना नागरिकत्व नाकारले, आणि भारतीयांसाठी हे दार १९४६ च्या कायद्याने उघडेपर्यंत बंदच राहिले. नागरिकत्वाची शपथ घेणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला हा दुवा ठाऊक असायला हवा, असे मला मनापासून वाटते.

आता ऑनलाइन शिक्षणाविषयी. हा विषय पडद्यावर शिकता येत नाही, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. मला ती मान्य नाही. उलट मूळ कागदपत्रे आज घरबसल्या आणि फुकट वाचता येतात, ही सोय पूर्वीच्या विद्यार्थ्यांना नव्हती. आमच्या प्राध्यापिकांनी एका आठवड्यात फक्त एक जाहिरात वाचायला दिली होती. सप्टेंबर १७६९ मधली, ‘व्हर्जिनिया गॅझेट’ या वृत्तपत्रात थॉमस जेफरसन यांनी, म्हणजे अमेरिकेच्या पुढच्या काळातल्या राष्ट्राध्यक्षांनी, दिलेली. सॅन्डी नावाचा, सुमारे पस्तीस वर्षांचा गुलाम पळाला आहे. ठेंगणा, अंगाने जरा स्थूल. जोडे शिवतो, मुख्यतः डाव्या हाताने काम करतो, थोडीफार सुतारकीही जाणतो. सोबत पांढरा घोडा आणि जोडे शिवण्याची हत्यारे नेली आहेत. परगण्यातच सापडला तर चाळीस शिलिंग, वसाहतीत अन्यत्र सापडला तर चार पौंड आणि दुसऱ्या वसाहतीत सापडला तर दहा पौंड इनाम. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, हे वाक्य याच जेफरसन यांनी पुढे सातच वर्षांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिले. त्या आठवड्यात आमच्या चर्चाफलकावर रात्री उशिरापर्यंत मजकूर पडत होता. एका वर्गमित्राने लिहिले, की आपली हत्यारे बरोबर नेणारा माणूस नुसता पळून जात नव्हता, पोट कसे भरायचे हेही त्याने ठरवले होते. वर्गात बोलायला संकोचणारी मुलेही तिथे सविस्तर लिहीत होती.

याउलट जिथे आठवड्याला एक प्रकरण, वीस बहुपर्यायी प्रश्न आणि दोन सहाध्यायांना ‘छान मुद्दा’ असे उत्तर, एवढ्यावरच भागवले जाते, तिथे हाती काही लागत नाही. असे प्रश्न आणि अशी उत्तरे आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडूनही क्षणात करून घेता येतात, आणि मुले ती करून घेतात. दोष मुलांचा थोडा आणि अभ्यासक्रमाच्या रचनेचा जास्त आहे. एका विशिष्ट कागदासमोर बसवून ‘इथे काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही’ असे विचारणारा शिक्षक असेल, तर उसने उत्तर फार काळ टिकत नाही.

पालकांना माझी विनंती आहे, की नावनोंदणीपूर्वी मुलांबरोबर बसून अभ्यासक्रमाची रूपरेषा वाचावी. टेक्सासच्या सरकारी महाविद्यालयांना ती कायद्यानुसार संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली ठेवावी लागते. साप्ताहिक वाचनात मूळ कायदे, पत्रे, जाहिराती आणि खटल्यांचे कागद आहेत की नाहीत, आणि गुण निबंधाला आहेत की केवळ बहुपर्यायी प्रश्नांना, हे त्यातून सहसा लक्षात येते. शक्य असेल तर उन्हाळी सत्र टाळून ऑगस्टमध्ये सुरू होणारे पूर्ण सत्र घ्यावे.

आपली,
एक वाचक, ह्यूस्टन (टेक्सास)