प्रेसमधल्या काकांना थँक्यू, सगळ्यांसमोर

काका नमस्कार,

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "असूदे गं, चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे लिहितेय. आता पळता येणार नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: काका पुण्यात नारायण पेठेतल्या एका ऑफसेट प्रेसमध्ये मशिनवर आहेत, मी अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला, इलस्ट्रेशन करते. छपाई कशी चालते ते एकदा बघायला म्हणून गेले आणि मग जातच राहिले, ते पण ऐन दिवाळी अंकांच्या सीझनमध्ये, जेव्हा पेठेतल्या प्रेसवाल्यांना डबा उघडायला वेळ नसतो. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून प्रेसवाल्यांची दिवाळी अशीच जाते, असं काका हसत सांगतात.

सीएमवायके, म्हणजे सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबी), पिवळा आणि काळा या चार शायांची छपाई, कॉलेजात शिकवतातच. ठिपक्यांच्या ओळींचे कोन, सायन १५ अंश, मॅजेंटा ७५, पिवळा ०, काळा ४५, परीक्षेत लिहून मार्कही मिळवलेत. पण तुम्ही मशिनवरून शीट ओढून त्यावर भिंग ठेवलंत आणि "हं, बघ" म्हणालात ना, तिथे खरं शिक्षण झालं. चित्रातल्या पोराचा गाल म्हणजे नुसते गुलाबी आणि पिवळे ठिपके, आणि ठिपक्यांच्या मधे कोरा कागद. गालावरचा उजेड शाईचा नव्हताच, कागदाचा होता! टॅबवर आम्ही पांढरा रंग भरभरून हायलाइट मारत बसतो आणि प्रेसच्या या चार रंगांत पांढरी शाई नसतेच, पांढरं म्हणजे जिथे काही छापलं नाही ते. तेव्हापासून मी चित्र सुरू करताना आधी ठरवते की कुठे हात लावायचा नाही. माझ्या चित्रांमध्ये आता जी काही मोकळी हवा आहे (मॅडम म्हणाल्या तसं, मी नाही म्हणत) ती त्या भिंगातून आलीय.

मग तो घडीचा कागद. एक साधा कागद तीनदा दुमडलात, पेनाने १ ते १६ आकडे टाकलेत आणि उलगडून माझ्यासमोर ठेवलात. १ च्या शेजारी १६, २ च्या शेजारी १५, जोडीची बेरीज कायम १७, आणि ८-९ एकमेकांना चिकटून. "सेंटर पिनचं, म्हणजे मधोमध पिना मारलेलं पुस्तक असेल तर सलग मोठं चित्र इथे टाक, मधे तुटणार नाही, बाकी समोरासमोरच्या पानांना थोडं मागेपुढे होणार." मी तोवर गोष्ट पानापानाने काढायची, आता फर्म्याने, म्हणजे एका कागदावर छापून दुमडलेल्या सोळा पानांच्या गठ्ठ्याने विचार करते. माझ्या गोष्टीतला हत्ती नदीत उतरतो ते चित्र पान ८-९ वर आणलं आणि अख्ख्या गोष्टीची चालच सुधारली, कारण तिथे पोचेपर्यंत सात पानं नुसती वाट बघायला लावता येतात.

आणि अक्षरं! काळी अक्षरं फक्त काळ्या प्लेटवर ठेव (छापताना प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असते), हे तुम्ही किती वेळा सांगितलंत. चार रंगांत फोडली आणि रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हललं की रफार आणि अनुस्वार गेलेच समजायचे. वर दुसरा फायदा, तेच पुस्तक उद्या हिंदीत नाहीतर गुजरातीत काढायचं तर चित्रांच्या प्लेटा त्याच, काळी तेवढी बदलायची. एवढं सरळ कोणी आम्हाला सांगितलंच नव्हतं.

सगळे विचारतात पुढे काय करणार. बऱ्याच जणांना गेम कंपनी, ॲनिमेशन स्टुडिओ वगैरे हवंय, चांगलंच आहे ते, पैसेही तिकडेच आहेत. मला मात्र लहान मुलांची दोन रंगी पुस्तकं करायचीत. आमच्या करमाळ्याकडे पुस्तकाचं दुकान म्हणजे वह्या आणि गाईडं, आणि शहरातलं गुळगुळीत रंगीत पुस्तक हातात घेतलं की आई आधी मागची किंमत बघते आणि ठेवून देते. तुम्ही ते जुनं दोन रंगी कॅलेंडर काढून दाखवलंत, पिवळ्यावर निळा चढला की हिरवा फुकटात, त्यात झाडं पण होती, शेत पण होतं आणि प्लेटा दोनच. मी आता ट्रेसिंग पेपरवर दोन्ही रंग वेगवेगळे काढते, दोन्ही काळ्या शाईत, आणि एकावर एक ठेवून काय होईल ते डोक्यात छापून बघते. मजबुरी म्हणून नाही करत हां, दोन रंगात जी गंमत आहे ती मला चारात सापडतच नाही.

तर काका, माझ्या दोन रंगी पुस्तकाची सोळा पानी डमी (हाताने केलेला नमुना) तयार आहे. अंकांची घाई आटपली की येते. एक शंका आहे, तेवढं डोक्यात ठेवा: अक्षरं निळ्या प्लेटवरच गेली तर भाषा बदलताना चित्रांसकट निळी प्लेट पण नवी करावी लागणार, मग काळ्याची तिसरी प्लेट आत्ताच टाकलेली परवडेल का? आणि कागद मॅपलिथोच (साधा, न चकाकणारा) ना? ट्रायलचे पैसे मात्र या वेळी घ्यायचे, नाहीतर मी दुसऱ्या प्रेसमध्ये जाईन. (जाणार नाही, पण घ्या.)

तुमची,
भिंग न विचारता उचलणारी