अनोळखी तणाची ओळख केवळ पानावरून नको

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

शेतात अनोळखी तण दिसले की पानाचा फोटो काढायचा, मोबाइलमधले ॲप सांगेल ते नाव पुढे पाठवायचे आणि तेच ‘नवे परदेशी तण’ म्हणून छापून यायचे, असे अलीकडे वारंवार दिसते. अनेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवल्यामुळे ही घाई मला खटकते.

गाजरगवताचेच पाहा. १९५६ साली पुण्यातून त्याची भारतातील नोंद प्रसिद्ध झाली. त्याचे कोवळे रोप आणि त्याच्याच कुळातल्या ॲम्ब्रोसिया या दुसऱ्या परक्या तणाचे रोप, दोन्हींची पाने इतकी सारखी कातरलेली असतात की जाणकारही फसतो. फुलोरा आला की मात्र संशय राहत नाही. गाजरगवताचे पांढरे, जेमतेम चार मिलिमीटरचे ‘फूल’ (खरे तर तो बारीक फुलांचा गुच्छ) कडेला पाच टोके दाखवते, तर ॲम्ब्रोसियाचे हिरवट नर गुच्छ शेंड्याकडे माना खाली घालून ओळीने लोंबतात.

माठाच्या गटात गोंधळ याहून मोठा. अमेरिकेतील शेतकऱ्यांना जेरीस आणणाऱ्या पामर अमरांथच्या जुन्या पानाचा देठ पात्यावर दुमडला, तर तो बहुधा टोकापलीकडे जातो. खूण सोपी आहे, पण ती केवळ संशय घेण्यापुरती. नर-मादी झाडे वेगळी आहेत का आणि मादीचे कणीस हाताला टोचते का, हे पाहिल्याशिवाय नाव पक्के करू नये.

म्हणून फोटोबरोबर मूळ, पाने, फुले आणि फळे असलेला नमुनाही हवा. तो हातमोजे घालून उपटावा, रद्दीच्या घड्यांत दाबून, कागद रोज बदलत वाळवावा (आपल्या वृत्तपत्राचा हा उपयोग मी आयुष्यभर केला आहे) आणि सोबत ठिकाण, तारीख, पीक व फुलाचा ताजा रंग लिहावा, कारण वाळल्यावर रंग टिकत नाही. बी पिकले असेल तर झाड जागेवरच पिशवीत बांधावे. गाजरगवताच्या एका झाडाला हजारो बिया येतात. नमुना कृषी विद्यापीठाच्या किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या तज्ज्ञांना दाखवता येतो.

त्यांचा निर्वाळा येईपर्यंत बातमीत ‘संशयित’ हा शब्द वापरावा आणि पानाऐवजी फुलोऱ्याचे छायाचित्र, शेजारी मोजपट्टी ठेवून, छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक